कमी ऐकले गेलेले ब्लूज आणि रॉक गिटारवादक : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, जिमी पेज आणि स्टीव्ही रे व्हॉन यांना भरपूर ऐकले आहे. दोनेक वर्षांपासून ते स्वतः इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. ज्यांची नावे सहसा घेतली जात नाहीत असे गिटारवादक कोणते आणि त्यांना ऐकण्याची सुरुवात कोठून करावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. 'शंभर श्रेष्ठ गिटारवादक' अशा प्रकारच्या याद्या पाहून प्रत्येकाचे एकेक गाणे ऐकले, पण त्यातले कोणीच मनात राहिले नाही, असेही त्यांनी शेवटी लिहिले आहे.

माझ्या मते खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. यादीतून एकेक गाणे ऐकले की प्रत्येक वादक चार मिनिटांसाठी समोर येतो आणि निघून जातो. तो कोणाचे ऐकून वाजवायला शिकला आणि त्याच्याकडून पुढे कोणी काय घेतले, हे त्यातून कळत नाही. ब्लूजच्या बाबतीत तर हे न कळणे फारच महागात पडते, कारण नवख्या कानाला वरवर सगळे सारखेच वाटते : तोच बारा बारचा (तालाच्या बारा आवर्तनांचा) साचा, तेच तीन कॉर्ड (स्वरसमूह), तेच पाच स्वर. एका वादकाला दुसऱ्यापासून वेगळे करणाऱ्या गोष्टी फार बारीक असतात. तार किती ओढली, ओढलेल्या स्वरावर कंप किती संथ दिला, दोन वाक्यांमध्ये किती वेळ थांबले, यांतच सगळा फरक असतो, आणि तो एका गाण्यात लक्षात येत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी नवी नावे देण्यापूर्वी त्यांना पाठ असलेली गाणी विचारतो आणि त्या गाण्यांवरून मागे जायला सांगतो. जे गाणे आपल्या कानात पक्के बसलेले असते, त्याचे मूळ रूप ऐकताना वादकाने काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हे आपोआप ऐकू येऊ लागते.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य केले पाहिजे. 'दुर्लक्षित' हे विशेषण कोणाच्या दृष्टीने, यावर सगळे ठरते. पुढे ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त लिहिले आहे ते पीटर ग्रीन गिटारवादकांमध्ये अत्यंत आदराने ऐकले जातात, पण गिटार न वाजवणाऱ्या रसिकाला त्यांचे नाव बहुधा ठाऊक नसते. दुसरे म्हणजे, ब्लूजचे मोठे केंद्र असलेल्या शिकागोची १९५० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे एकाच ध्वनिवाहिनीवर, मर्यादित साधनांनी झालेली आहेत. ज्यांना आजच्या स्वच्छ ध्वनीची सवय आहे त्यांनी थेट तेथून सुरुवात केली तर कान लवकर थकतो. आपण हेंड्रिक्स आणि पेज यांच्यामार्गे आला आहात, म्हणजे आपला कान रॉकचा आहे असे मी धरून चालतो. आपण बी. बी. किंग ऐकून आला असता तर माझा क्रम थोडा वेगळा असता.

लेड झेपेलिनचा १९६९ सालचा पहिला अल्बम आपण ऐकला असणारच. त्यातील 'आय कान्ट क्विट यू बेबी' आणि 'यू शूक मी' ही दोन्ही गाणी शिकागोची आहेत. पहिले गाणे विली डिक्सन यांनी लिहिले आणि १९५६ मध्ये ओटिस रश यांनी कोब्रा नावाच्या एका छोट्या कंपनीसाठी गायले व वाजवले. दुसऱ्याची कथा अधिक विलक्षण आहे. अर्ल हुकर या स्लाइड गिटारवादकाने (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवणाऱ्याने) एक वाद्यरचना ध्वनिमुद्रित केली होती, ती 'ब्लू गिटार' या नावाने निघाली. चेस या शिकागोच्या कंपनीने नंतर त्याच वादनावर ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचा आवाज चढवला आणि १९६२ मध्ये 'यू शूक मी' बाजारात आले. गाणे मडी वॉटर्स यांचे म्हणून प्रसिद्ध झाले, पुढे लेड झेपेलिनमुळे जगभर गेले, आणि ज्यांच्या स्लाइडवर ते उभे होते ते हुकर १९७० मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, क्षयाने गेले. त्यांचा 'टू बग्ज अँड अ रोच' हा अल्बम ऐकावा. स्लाइड वाजवणारे बहुतेक लोक गिटारच्या मोकळ्या ताराच एखाद्या कॉर्डमध्ये जुळवून घेतात. हुकर तारांच्या नेहमीच्या जुळणीतच वाजवत असत, त्यामुळे स्लाइड आणि बोटे यांच्यामध्ये ते सहज ये-जा करू शकत.

ओटिस रश यांच्याकडे मात्र थांबलेच पाहिजे. ते डावखुरे होते आणि उलटी धरलेली गिटार तारांचा क्रम न बदलता वाजवत, म्हणजे त्यांच्या बारीक तारा वरच्या बाजूला येत. आपण बारीक तार वर ढकलून स्वर चढवतो. ते ती खाली ओढत. हाताचे बळ वेगळ्या दिशेने लागल्यामुळे त्यांच्या ओढलेल्या स्वराला एक वेगळाच ताण असतो, आणि सरळ गिटारवर तो हुबेहूब काढणे फार अवघड आहे. १९५८ सालची 'डबल ट्रबल' आणि 'ऑल युअर लव्ह' ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत. व्हॉन यांनी आपल्या बँडचे नाव यांतल्या पहिल्या गाण्यावरून ठेवले, म्हणजे आपण व्हॉन ऐकताना रश यांचे ऋण नकळत ऐकत आला आहात. दुसऱ्या गाण्याची बांधणी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे : मायनरमधील (उदास वळणाच्या स्वरपट्टीतील) संथ, काहीसा लॅटिन वळणाचा ताल, मध्येच उसळणारा शफल (झुलत चालणारा ताल), आणि मग पुन्हा मूळ चालीवर परत येणे.

रश मागे का पडले, याचे उत्तर त्यांच्या वादनात सापडत नाही. कोब्रा कंपनी १९५९ मध्ये बंद पडली. पुढची बरीच वर्षे त्यांच्या मोजक्याच तबकड्या निघाल्या. १९७१ मध्ये त्यांनी 'राइट प्लेस, राँग टाइम' हा एक उत्तम अल्बम ध्वनिमुद्रित केला, तो मोठ्या कंपनीने तसाच ठेवून दिला आणि १९७६ मध्ये एका लहान कंपनीने बाहेर आणला. त्यात पाच वर्षे गेली. जे वादक अपुरे ऐकले गेले त्यांच्यापैकी अनेकांची कारणे अशीच आहेत : कंपनी बुडाली, आजार आला, मृत्यू लवकर आला, किंवा गाणे दुसऱ्याच्या नावाने गाजले. मुंबईत मेहबूब स्टुडिओमध्ये २०११ पासून भरू लागलेल्या महिंद्र ब्लूज महोत्सवामुळे बडी गाय या ब्लूज गिटारवादकांना आपल्याकडच्या अनेकांनी प्रत्यक्ष ऐकले आहे. १९५७ मध्ये शिकागोला आलेल्या गाय यांच्या सुरुवातीच्या तबकड्याही कोब्राशी संलग्न असलेल्या आर्टिस्टिक या कंपनीनेच काढल्या होत्या. दोघांचे त्या काळातील वादन शेजारी शेजारी ठेवून ऐकले तर गाय यांचा आवेग आणि रश यांचा आवरून धरलेला ताण यांतला फरक सहज कळतो.

आता 'ऑल युअर लव्ह' हाती धरून पुढे जाऊ. जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर क्लॅप्टन यांनी १९६६ मध्ये केलेल्या अल्बमची सुरुवात याच गाण्याने होते. त्यानंतर क्लॅप्टन यांनी बँड सोडला आणि त्यांच्या जागी एक अगदी तरुण मुलगा आला, तो पीटर ग्रीन. १९६७ मध्ये ग्रीन यांनी फ्लीटवूड मॅक हा बँड काढला. नंतरच्या काळात ज्या पॉप गाण्यांसाठी हा बँड ओळखला गेला, त्यांच्याशी ग्रीन यांचा काही संबंध नाही, आणि बँडच्या नावामुळेच अनेक रसिक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी 'ब्लॅक मॅजिक वुमन' हे गाणे केले. ते आपल्याला गिटारवादक सँटाना यांचे म्हणून माहीत असेल, कारण १९७० मध्ये त्यांनी ते जगप्रसिद्ध केले. ग्रीन यांचे मूळ गाणे ऐका : तोच मायनर, तोच लॅटिन वळणाचा ताल आणि शेवटी शफलकडे वळणे. रश यांच्या गाण्याची बांधणी येथे स्पष्ट दिसते. शिकागोतील एका छोट्या कंपनीची १९५८ सालची तबकडी लंडनमार्गे सँटाना यांच्यापर्यंत कशी पोहोचली, हे ही तीन गाणी क्रमाने ऐकल्यावर कोणत्याही लेखाशिवाय समजते.

ग्रीन यांच्या गिटारविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारच्या गळ्याजवळील पिकअपचे (तारांचा कंप टिपणाऱ्या भागाचे) चुंबक उलटे बसले होते, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर स्वर किंचित पोकळ आणि नाकात बोलल्यासारखा येई. हे खरे आहे, आणि 'नीड युअर लव्ह सो बॅड' मध्ये तो गुण ऐकूही येतो. परंतु विद्यार्थी जेव्हा त्या पिकअपची नक्कल विकत घेण्याचा विचार करतात, तेव्हा मी त्यांना एवढेच सांगतो की ती गिटार नंतर अनेक वर्षे गॅरी मूर या गिटारवादकांकडे होती आणि त्यांच्या हातात ती गॅरी मूर यांच्यासारखीच वाजे. आज ती मेटॅलिका या बँडचे गिटारवादक कर्क हॅमेट यांच्याकडे आहे. ग्रीन यांचा गुण त्यांच्या संयमात आहे. ते एक वाक्य म्हणतात, थांबतात, बँडला त्याचे उत्तर देऊ देतात आणि मग पुढचे वाक्य म्हणतात. आवाज कमी करण्याची त्यांना भीती वाटत नाही. मेयॉल यांच्या १९६७ च्या 'अ हार्ड रोड' या अल्बममधील 'द सुपरनॅचरल' या वाद्यरचनेत ते एकेक स्वर इतका लांबवतात की गिटारला श्वास लागत नाही याचे नवल वाटू लागते. 'अल्बाट्रॉस' ही १९६८ ची वाद्यरचना इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती. ती पार्श्वसंगीतासारखी मागे लावून ठेवली जाते, पण ती एकदा दिवे मालवून, दुसरे काही न करता ऐकावी. मे १९७० मध्ये ग्रीन यांनी बँड सोडला. पुढे मानसिक आजारामुळे त्यांची अनेक वर्षे गेली, १९९० च्या दशकात ते पुन्हा वाजवू लागले, आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या उमेदीचे काम जेमतेम चार वर्षांत झाले आहे, त्यामुळे ते सगळे ऐकणे शक्य आहे, आणि ते सगळे ऐकावे असे मला मनापासून वाटते.

येथे हिंदुस्थानी संगीत ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांच्या एका सोयीचा उल्लेख करतो. ब्लूजमधील मायनर पेंटाटोनिक ही पाच स्वरांची स्वरपट्टी म्हणजे सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद, म्हणजे आपल्या धानी रागाचे स्वर. परंतु ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी राहतो, आणि तो नेमका कोठे ठेवायचा हे प्रत्येक वादक स्वतः ठरवतो. रश तो जरा जास्त चढवतात, ग्रीन तो हळूच स्पर्श करून सोडून देतात. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हा फरक लवकर पकडता येतो, त्या सवयीचा आपण उपयोग करावा. मात्र ब्लूजला राग समजून त्यात आरोह-अवरोहाचे नियम शोधू नयेत. याच संदर्भात माइक ब्लूमफिल्ड यांचे नाव घेतले पाहिजे. शिकागोत वाढलेल्या या वादकाने १९६५ मध्ये बॉब डिलन यांच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन' मध्ये गिटार वाजवली, आणि पुढच्याच वर्षी पॉल बटरफील्ड यांच्या बँडबरोबर 'ईस्ट-वेस्ट' ही तेरा मिनिटांहून लांब वाद्यरचना केली. त्या काळात ते भारतीय संगीत ऐकत होते, आणि येथे कॉर्ड जवळजवळ बदलतच नाहीत. एका स्थिर आधारस्वरावर एकामागून एक सोलो उलगडत जातात. रागदारीच्या कसोटीवर ते फार खोल नाही, पण १९६६ मध्ये एका रॉक बँडने हे करणे धाडसाचे होते, आणि नंतरच्या लांबलचक रॉक सोलोंचा रस्ता त्याने बराच मोकळा केला.

एवढे ऐकून झाल्यावर आपल्या रॉकच्या कानाला सर्वांत जवळचे वाटतील ते रोरी गॅलाघर. आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात १९४८ मध्ये जन्मलेले आणि कॉर्क शहरात वाढलेले गॅलाघर स्टुडिओत कधीच पूर्ण खुलले नाहीत असे माझे मत आहे. म्हणून त्यांची सुरुवात 'आयरिश टूर ७४' या प्रत्यक्ष मैफलींच्या अल्बमनेच करावी. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क येथे त्याचे ध्वनिमुद्रण झाले. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचारामुळे त्या काळात बाहेरचे बहुतेक कलाकार बेलफास्टला जाणे टाळत, गॅलाघर मात्र तेथे वाजवत राहिले, आणि श्रोत्यांचा जो आवाज या अल्बमवर ऐकू येतो त्यामागे हेही कारण आहे. 'अ मिलियन माइल्स अवे' हे गाणे नीट ऐकले तर आवाज वाढवणे आणि कमी करणे हे काम गिटारच्या नॉबने किती सुंदर करता येते ते कळते. आपल्याकडच्या बहुतेक तरुण वादकांच्या गिटारचा नॉब नेहमी दहावरच असतो, त्यांनी हे एक गाणे तरी शिकावे.

नॉबचा विषय निघाला आहे तर रॉय ब्युकॅनन यांच्याकडे वळतो. इंग्लिश गिटारवादक जेफ बेक यांनी आपल्या १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो' या अल्बममधील 'कॉज वुई हॅव एन्डेड अ‍ॅज लव्हर्स' ही रचना त्यांना अर्पण केली, यावरून वादकांमधील त्यांचे स्थान लक्षात यावे. ब्युकॅनन जुन्या टेलिकास्टर गिटारवर, फारशी उपकरणे न लावता वाजवत. करंगळीने आवाजाचा नॉब फिरवून ते स्वराचा आघात पुसून टाकत, त्यामुळे स्वर व्हायोलिनसारखा शून्यातून उगवे. पिकबरोबर (तार छेडण्याच्या पट्टीबरोबर) अंगठ्याची कड तारेला लावून ते किंचाळणारे स्वर काढत, आणि ही युक्ती त्यांनी इतरांच्या पुष्कळ आधी सिद्ध केली होती. १९७२ च्या त्यांच्या अल्बममधील 'द मसाया विल कम अगेन' ही सुरुवात योग्य आहे. ते सतत ऐकण्याजोगे वादक नाहीत, एका बैठकीत दोन-तीन रचना पुरेशा होतात.

आतापर्यंतचे सगळे पुढे येऊन वाजवणारे झाले. गाणाऱ्याच्या मागे राहून वाजवणाऱ्यांमध्ये ह्युबर्ट समलिन यांच्याइतका मोठा वादक मला दुसरा सापडलेला नाही. ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांच्याबरोबर ते १९५४ पासून, मधला थोडा काळ सोडल्यास, १९७६ मध्ये वुल्फ यांच्या मृत्यूपर्यंत होते. ते पिक न वापरता बोटांनी वाजवत, म्हणून त्यांच्या स्वरांत अनपेक्षित झटके आणि घसरणी येतात. 'शेक फॉर मी' (१९६१) आणि 'किलिंग फ्लोअर' (१९६४) ऐकताना गायनाकडे थोडे दुर्लक्ष करून फक्त गिटार ऐका. वुल्फ यांची ओळ संपताच ते जे दोन-चार स्वर टाकतात ते आधी सांगता येत नाहीत, आणि ऐकल्यावर दुसरे काही तेथे शोभले नसते असे वाटते. ज्यांना पुढे बँडमध्ये वाजवायचे आहे त्यांना सोलोंपेक्षा हे ऐकण्याचा जास्त उपयोग होतो.

गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते) गाणाऱ्या गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प यांच्याविषयी अलीकडे बोलले जाऊ लागले आहे, २०१८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थानही मिळाले, तरी त्यांना पुष्कळ लोक इतिहासातील नोंद म्हणूनच ऐकतात. त्यांचे ध्वनिमुद्रण शोधण्याऐवजी चित्रफीत पाहावी : १९६४ मध्ये मँचेस्टरमधील एका वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकावर, पावसात, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून त्यांनी 'डिडन्ट इट रेन' गायले आहे. त्यातला छोटासा सोलो पाहिल्यावर रॉकमधील अनेक लकबी कोठून आल्या हे वेगळे सांगावे लागत नाही.

रॉकमधील आणखी दोन नावे थोडक्यात सांगतो. फ्री या बँडचे पॉल कॉसॉफ वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९७६ मध्ये गेले. 'ऑल राइट नाऊ' सर्वांना माहीत असते, परंतु त्यांचा खरा कंप ऐकायचा असेल तर 'फ्री लाइव्ह' या १९७१ च्या अल्बममधील 'मिस्टर बिग' ऐकावे. शिकागो या बँडचे टेरी कॅथ १९७८ मध्ये गेले, आणि बँड पुढे प्रेमगीतांसाठी गाजला, त्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या अल्बमांवर इतका दणकट गिटारवादक आहे हे लोक विसरले. '२५ ऑर ६ टू ४' मधील त्यांचा सोलो पुरेसा पुरावा आहे.

आपण विचारलेल्या क्रमाविषयी माझा सल्ला असा. पहिले काही आठवडे फक्त 'ऑल युअर लव्ह' पासून 'ब्लॅक मॅजिक वुमन' पर्यंतच्या धाग्यावर राहावे, म्हणजे रश, मेयॉल यांच्याबरोबरचे क्लॅप्टन, ग्रीन आणि सँटाना. त्यानंतर गॅलाघर यांच्याकडे जावे, आणि जुन्या ध्वनीची सवय झाली की समलिन व हुकर यांच्याकडे. ब्युकॅनन, ब्लूमफिल्ड, थार्प, कॉसॉफ आणि कॅथ कोणत्याही क्रमाने आले तरी चालतील. एका वादकाचा पूर्ण अल्बम ऐकल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये, आणि शक्य असेल तेथे फोनच्या स्पीकरऐवजी हेडफोन वापरावा, कारण समलिन यांच्यासारख्यांचे निम्मे वादन फोनवर ऐकूच येत नाही.

टॅब (गिटारसाठीची लेखी नोंद) पाहून सोलो शिकावे का, असा एक उपप्रश्न आपण जोडला आहे. टॅबमध्ये कोणत्या फ्रेटवर बोट ठेवायचे ते कळते, पण वर ज्या गोष्टींविषयी लिहिले त्यांतली जवळजवळ एकही कळत नाही. म्हणून 'नीड युअर लव्ह सो बॅड' च्या सुरुवातीची गिटारची ओळ घ्यावी, ती आधी तोंडाने गाता येईपर्यंत ऐकावी, आणि मगच गिटार हातात घ्यावी. गाताना आपण कोठे श्वास घेतला ते लक्षात ठेवून वाजवतानाही तेथेच थांबावे. ही एक ओळ नीट बसली की पुढच्या ओळीसाठी टॅब उघडण्याची गरज बहुधा वाटणार नाही, आणि वाटलीच तर फक्त एखादा अडलेला स्वर पडताळून पाहण्यासाठी तो उघडावा.